मर्कटांची खानेसुमारी

ज्या प्राण्याचे दर्शन दुर्लभ, त्याच्या रक्षणाच्या योजना आखाव्यात, आणि जो रोज कौलांवरून उड्या मारतो त्याला गोफणीने हाकलावे, हा आपला सर्वसाधारण शिरस्ता आहे. केरळातील सायलेंट व्हॅलीचे अरण्य धरणात बुडू नये म्हणून जी चळवळ झाली तिच्या अग्रभागी सिंहपुच्छ माकड होते, आणि 1984 साली त्या अरण्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला त्या यशात या दुर्मीळ मर्कटाचाही वाटा होता. परंतु आपल्या दारच्या लाल तोंडाच्या माकडाची मोजदाद ठेवावी असे फारसे कुणाच्या मनात आले नाही, कारण ते अगणित आहे हे सर्वांनी गृहीतच धरले होते.

हे गृहीत किती पोकळ होते ते म्हैसूरकडील अभ्यासकांनी दाखवून दिले. जुन्या मोजणीचे आकडे हाताशी धरून त्यांनी त्या मोजणीतला मुलूख पुन्हा पालथा घातला आणि 2017 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे मांडले, की पंचवीस वर्षांत या माकडांची संख्या 65 टक्क्यांहून अधिक घटली आहे. रस्ते रुंद होताना कडेचे वड-पिंपळ गेले, म्हणजे माकडांचे अन्न व निवारा एकदमच गेला. पुढे 2020 मध्ये जागतिक लाल यादीत हे माकड निर्धास्त वर्गातून निघून असुरक्षित वर्गात दाखल झाले.

पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगावच्या शिवारात ही मोजणी प्रत्यक्ष कशी चालते ते पाहण्याचा योग आला. दोन तरुण अभ्यासक, एक मुलगा व एक मुलगी, उसाच्या फडापलीकडील चिंचेखाली तांबडे फुटण्यापूर्वीच येऊन बसले होते. टोळी रात्री एखाद्या उंच झाडावर मुक्कामाला असते, आणि ती खाली उतरून एका दिशेने निघाली, की मोकळी जागा ओलांडताना एकेक जनावर सुटे दिसते. मोजणीची खरी वेळ तेवढीच, कारण एकदा का टोळी उसात शिरली की शेंड्यांच्या हालचालीपलीकडे काही कळत नाही. प्रौढ नर, प्रौढ माद्या, अर्धवट वयाची, लहान आणि आईच्या पोटाला बिलगलेली काळसर पिले असे रकाने दोघांच्या वह्यांत आखलेले होते. मोजताना परस्परांशी बोलायचे नाही, दुसऱ्याच्या वहीत डोकावायचे नाही, हा त्यांचा दंडक.

टोळी बांध ओलांडून गेल्यावर वह्या शेजारी ठेवल्या, तेव्हा नरांचा आकडा जुळला. पिलांचा जुळला नाही. मुलीने लगेच रकान्यापुढे प्रश्नचिन्ह काढले आणि संध्याकाळी टोळी परतताना पुन्हा मोजायचे ठरले. मधला आकडा घेऊन मोकळे का होत नाही, असे मी विचारताच ती म्हणाली, "पिलं किती जगतात यावरच तर पुढचं सगळं गणित असतं. तिथंच अंदाज घातला तर मग मोजायचं कशाला?"

मुलगा मात्र दुर्बीण लावून शेपट्या न्याहाळीत होता. आपल्या माकडाची शेपटी धडाहून लांब, आणि माथ्यावरचे केस मध्ये भांग पाडून टोपीसारखे पसरलेले. उत्तरेकडील ऱ्हीसस माकडाची शेपटी आखूड व कंबरेखालचा भाग तांबूस. पश्चिमेस तापी आणि पूर्वेस गोदावरी ही या दोहोंमधली जुनी हद्द. पण ऱ्हीसस ती ओलांडून दक्षिणेकडे सरकत आहे व दख्खनच्या माकडाची जागा घेत आहे, असा इशारा अभ्यासकांनी 2011 सालीच दिलेला आहे.

एवढ्यात पलीकडच्या गुऱ्हाळाचे मालक चुलाण्याकडून आमच्याकडे आले. "मोजून काय करणार, पोरांनो? गाडी आणा आणि घेऊन जा की सगळी!"

"नेऊन सोडायची कुठं, काका? जिथं सोडू तिथंही कुणाचं तरी रान असणारच."

उत्तर मालकांना पटले नाही. पण दुसरी टोळी कोणत्या वडावर झोपते ते त्यांनी आपण होऊन सांगितले. त्यांची तक्रारही वहीत गेली, कारण पिकाची नुकसानी हा रक्षणाच्या योजनेबाहेरचा विषय नव्हे. एका गावचा उपद्रव दुसऱ्या गावी धाडणे हा बंदोबस्त नव्हे. त्यात टोळ्या फुटतात, आणि परक्या जातीची जनावरे भलत्या मुलखात जाण्याची भीती असते.

अशा वह्यांतील नोंदी पुढे जेथे जातात ती जागा म्हणजे तज्ज्ञांची बैठक. 2002 मध्ये कोइमतूर येथे दक्षिण आशियातील वानरवर्गीय प्राण्यांच्या स्थितीचा असाच विचार झाला. कोणता प्राणी किती मुलखात उरला, घटतो आहे की टिकून आहे, त्याला भय कशाचे, हे प्रत्येक जातीचे स्वतंत्र टिपण करून ठरवायचे, आणि मगच उपाय सुचवायचे, अशी ही रीत. मादागास्करच्या लेमूरांसाठी 2013 साली निघालेल्या योजनेत तीन वर्षांची मुदत व तीस ठिकाणे नेमून प्रत्येक ठिकाणचे काम वेगळे मांडले होते. ठिकाण, मुदत, खर्च आणि जबाबदार माणूस यांवाचून योजना म्हणजे नुसती सदिच्छा.

आमच्याकडे सदिच्छेला तोटा नाही. धाराशिव जिल्ह्यातील उपळा गावी 32 एकर जमीन दप्तरात चक्क माकडांच्या नावे दाखल असल्याचे वृत्त 2022 साली प्रसिद्ध झाले. हा दाखला कुणी व केव्हा केला हे गावालाही ठाऊक नव्हते. लग्नकार्यात आधी माकडांना भेट द्यावी आणि मग विधी सुरू करावा, अशी तेथील पूर्वीची चाल होती. तरीही त्यापूर्वीच्या काही वर्षांत गावातली माकडे कमी होत गेली. भूमीचा हक्क दप्तराने राखला. पण माकडे किती होती, किती उरली आणि का घटली, याचा रकाना त्या दप्तरात नव्हता. तो रकाना कोइमतुरात वा दिल्लीत बसून भरता येत नाही. तो उपळ्याला उपळ्यात आणि केडगावला केडगावातच, दरसाल त्याच झाडाखाली बसून भरावा लागेल, आणि झाड पडण्यापूर्वी रस्तारुंदीचा आराखडा मंजूर करणाऱ्या साहेबांच्या टेबलावर पोहोचवावा लागेल.