कन्सोल की गेमिंग पीसी: वऱ्हाडच्या उन्हात खरं काय?

"पीसीच घे ना बाप्पा, कन्सोलमंधी काय ठेवलं?" हा सल्ला अमरावती-अकोल्यात जितक्या ठामपणे मिळतो, तितक्याच ठामपणे "कन्सोल म्हणजे सरळ फोर-के" असंही ऐकू येतं. दोन्ही दावे खोक्यावरच्या आकड्यांवर उभे आहेत. खेळताना जे दिसतं ते चिप, समोरचा पडदा आणि खोलीतली हवा या तिन्हींवर ठरतं. यातली हवा कोणी विचारातच घेत नाही, आणि वऱ्हाडात तीच सर्वांत महागात पडते.

आधी फोर-के. फोर-के चित्रात सुमारे ८३ लाख ठिपके असतात, फुल एचडीच्या चौपट. सेकंदाला ६० वेळा एवढं चित्र नव्याने काढणं आजच्या जड गेममध्ये प्लेस्टेशन ५ ला झेपत नाही. म्हणून गेम आतल्या आत लहान चित्र काढतो आणि मोठं करून दाखवतो. २०२३ च्या 'अ‍ॅलन वेक २' मध्ये परफॉर्मन्स मोड निवडला, तर मूळ चित्र अवघं ८४७पी असतं. तेच १४४०पीपर्यंत वाढवलं जातं. याला फसवणूक म्हणणं चूक आहे. पीसीवरचं डीएलएसएस हे एनव्हिडियाचं तंत्रही हेच करतं, आणि बहुतेक वेळा जास्त सफाईने करतं. मात्र कन्सोलवरच्या जड गेमची सेटिंग पीसीच्या भाषेत बरेचदा 'मीडियम' किंवा 'हाय'च्या आसपास असते. तिची तुलना 'अल्ट्रा'वर ठेवलेल्या पीसीशी केली, तर निकाल चुकणारच. आणि घरचा टीव्हीच फुल एचडी असेल, तर फोर-केसाठी वेगळे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

"जास्त जीबीचं कार्ड म्हणजे जास्त ताकद" हा समज दुकानांत अजून टिकून आहे. जीटी ७३० हे जुनं कार्ड ४ जीबीतही मिळतं, पण आजचे मोठे गेम त्याला ओढवत नाहीत. टेराफ्लॉप्सचं, म्हणजे चिप सेकंदाला किती गणितं करते त्या आकड्याचंही तसंच. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० चे टेराफ्लॉप्स १२.७ आणि त्याआधीच्या आरटीएक्स २०७० सुपरचे ९; प्रत्यक्ष गेममध्ये मात्र दोन्ही जवळपास बरोबरीने चालतात. त्यामुळे प्लेस्टेशन ५ चे १०.२८ टेराफ्लॉप्स एनव्हिडियाच्या कार्डाशेजारी ठेवून निवाडा करता येत नाही.

लॅपटॉपबद्दलचा गैरसमज तर सर्वांत खर्चिक. नाव तेच, पण कार्ड ते नव्हे. डेस्कटॉपचं आरटीएक्स ३०६० हे १२ जीबीचं आणि १७० वॅटचं आहे. लॅपटॉपमध्ये त्याच नावाला ६ जीबी मिळतात आणि वॅट मॉडेलनुसार साधारण ६० ते ११५. घेताना वॅट विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता उन्हाचं. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. प्लेस्टेशन ५ साठी सोनीने दिलेली खोलीच्या तापमानाची मर्यादा आहे ५ ते ३५ अंश. म्हणजे उन्हाळ्यातली आपली दुपार त्या मर्यादेच्या बाहेरच पडते. पण उष्णतेला कन्सोल आणि पीसी सारखं तोंड देत नाहीत. प्लेस्टेशन ५ चे रचनाकार मार्क सर्नी यांनी मार्च २०२० मध्येच सांगितलं होतं, की या यंत्रात चिपचा वेग तापमानावर ठरत नाही, कामाच्या भारावर ठरतो. म्हणून चिखलदऱ्याच्या गारव्यात आणि अकोल्याच्या दुपारी गेम सारख्याच वेगाने चालतो. फारच तापला तर कन्सोल इशारा देतो आणि बंद होतो. पीसी सहसा लगेच बंद पडत नाही, पण कार्ड आणि प्रोसेसर ठरलेल्या अंशांपर्यंत तापले की स्वतःचा वेग उतरवतात. डिसेंबरात सेकंदाला ७० चित्रं, म्हणजे ७० फ्रेम, देणारं यंत्र मे महिन्यात का अडखळतं, हे मालकाला कळत नाही आणि तो नवं कार्ड शोधायला लागतो. आधी धूळ काढा, कॅबिनेट भिंतीपासून दूर घ्या, फ्रेम ६० वर बांधा. कूलरने खोली गार होते, ते चांगलंच. फक्त त्याचा ओला झोत थेट यंत्रावर येऊ देऊ नका. भारनियमनासाठी इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्हचाच हवा.

ताकदीचं वेडही थोडं बाजूला ठेवायला हवं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२० मध्ये आधी निन्टेन्डो स्विचवर आला. त्या यंत्राचा स्वतःचा पडदा फक्त ७२०पी आहे. तरीही त्या गेमचे महाल आणि सावल्यांच्या बाहुल्या देखण्या दिसतात, कारण चित्रकाराची नजर टेराफ्लॉप्समध्ये मोजता येत नाही.

माझं मत सरळ आहे. फक्त टीव्हीवर खेळायचं असेल तर कन्सोल घ्या. त्याच पैशांत तेवढं ग्राफिक्स देणारा नवा पीसी जुळवणं अवघड आहे. इंजिनिअरिंगचा अभ्यास, कॅड, व्हिडिओ एडिटिंगही करायचं असेल तर डेस्कटॉप. फक्त गेमसाठी लॅपटॉप मात्र वऱ्हाडात घेऊ नका. आणि खरेदीपूर्वी दुकानदाराला भरदुपारी तुम्हाला खेळायचा असलेला गेम अर्धा तास चालवून फ्रेमचा आकडा दाखवायला सांगा.