सेन्सर नसलेली रेसिंग बाईक ट्यून कशी करायचे? काजळी, सिगारेटचा कागद आणि एरंडेल!

तुमच्या बीएस-६ बाईकमध्ये ईसीयू नावाचा छोटा कॉम्प्युटर असतो. हवा किती, पेट्रोल किती, ठिणगी कधी, हे सगळं तोच ठरवतो. पण १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये एकाही सेन्सरशिवाय लोक ताशी १६० किलोमीटरच्या वर बाईक पळवत होते. मग ट्यूनिंग कसं व्हायचं? मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, दिवसभर लॉग वाचतो. त्या काळच्या मेकॅनिक लोकांचे किस्से वाचताना मला हसू येतं, कारण काम तेच होतं. फक्त त्यांचे लॉग काजळीत लिहिलेले असायचे!

बॅज मिळाला, बाईक आली

इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्स ट्रॅकवर रेसमध्ये ताशी १०० मैलांच्या वर लॅप मारली की सोनेरी ताऱ्याचा बॅज मिळायचा. १९३७ मध्ये वॉल हँडली यांनी बीएसए कंपनीच्या बाईकवर तो मिळवला आणि पुढच्याच वर्षी कंपनीने बाईक काढली, नाव 'गोल्ड स्टार'. याच ट्रॅकवर शेजाऱ्यांनी आवाजाच्या तक्रारी केल्या म्हणून रेसिंग बाईकनाही सायलेन्सर सक्तीचा झाला होता. म्हणजे हे भांडण आपल्या गल्लीतलंच नाही!

१९५६ च्या गोल्ड स्टारची तऱ्हा बघा. पहिल्याच गिअरमध्ये ती ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास जायची. पण तिचा रेसिंग कार्ब्युरेटर आयडलिंगसाठी नव्हताच. सिग्नलवर थांबलात की थ्रॉटल हलवत राहायचं, नाहीतर गाडी बंद, आणि मग मारा किक.

प्लग म्हणजे लॉग फाईल

पेट्रोल नीट जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागतं. हे मोजायला आज ऑक्सिजन सेन्सर आहे. तेव्हा रायडर फुल थ्रॉटलवर असतानाच इग्निशन बंद करून क्लच दाबायचा, गाडी तशीच थांबवायची आणि गरम प्लग काढून बघायचा. काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा असेल तर कमी, बिस्किटासारखा तपकिरी असेल तर झकास. हळूहळू चालवत परत आणली तर रंग बदलायचा, म्हणजे लॉग ओव्हरराईट!

सिगारेटचा कागद

ठिणगी नेमकी कधी पडते? पिस्टन ठरलेल्या जागी आणायचा, मॅग्नेटोच्या पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरायचा आणि मॅग्नेटो हळूहळू फिरवत कागद अलगद ओढायचा. कागद सुटला तो क्षण म्हणजे ठिणगी. एवढ्या कागदावर शर्यतीची तयारी व्हायची.

आणि एरंडेल

आपल्याकडे आजीने पोट साफ करायला दिलेलं एरंडेल तिकडे रेसिंग इंजिनमध्ये जायचं. प्रचंड उष्णतेतही त्याचा थर टिकतो. पण ते चिकट राळ मागे सोडतं आणि साध्या इंजिन ऑइलमध्ये मिसळत नाही. म्हणजे पोट साफ करणाऱ्या तेलामुळे इंजिनच उघडून साफ करावं लागायचं. 'कॅस्ट्रॉल' हे नावही एरंडेलाच्या 'कॅस्टर' या इंग्रजी नावावरूनच आलंय.

चुकलं तर?

इथे मात्र हसू थांबतं. पेट्रोल कमी पडलं की इंजिन तापतं, पिस्टनला भोक पडतं किंवा इंजिन जाम होतं आणि मागचं चाक लॉक होतं. म्हणून अनुभवी रायडरची बोटं कायम क्लचजवळ असायची. आइल ऑफ मॅनचा सुमारे ६० किलोमीटरचा रस्ता दगडी भिंतींमधून जातो आणि ४०० मीटरहून जास्त उंची गाठतो. वर हवा विरळ, खाली दाट, पण कार्ब्युरेटरचा जेट एकच! मेकॅनिकने सकाळी निवडलेल्या त्या जेटवर रायडरचा जीव असायचा.

ईसीयू हाच निर्णय सेकंदाला अनेकदा घेतो. पण त्यालाही मर्यादा आहेत. मोकळा सायलेन्सर बसवला की हवा-पेट्रोलचं गणित बदलू शकतं, म्हणून ट्यूनिंग तपासून घ्या. आणि डॅशवर इंजिनची लाईट लागली तर दुर्लक्ष करू नका. पूर्वी हेच कळायला भर वेगात गाडी बंद करून गरम प्लग काढावा लागायचा, तुम्हाला फक्त खाली बघायचंय!