पोर्ट वाइन आणि पाकक्रिया

दिंडोरी-निफाडच्या द्राक्षमळ्यांमुळे नाशिककरांस वाइन गेल्या पंचवीसेक वर्षांत अपरिचित राहिलेली नाही; तथापि चुलीवर तिचा विनियोग करताना, विशेषतः पोर्टसारख्या गोड प्रकाराचा, तिच्या घडणीचे ज्ञान असणे इष्ट ठरते. पोर्तुगालच्या डौरो खोऱ्यात रस आंबत असतानाच त्यात सुमारे 77 टक्के मद्यार्काचे द्राक्षस्पिरिट ओतले जाते, तेणेकरून किण्व निष्प्रभ होऊन उर्वरित साखर शाबूत राहते आणि मद्यार्काचे प्रमाण 20 टक्क्यांच्या आसपास पोहोचते.

हीच साखर पाकक्रियेत उपयोगी पडते. मटण परतल्यावर पातेल्याच्या तळाशी चिकटलेला तपकिरी अंश पोर्ट ओतून खरवडून घ्यावा आणि द्रव निम्मा होईतो आटवावा, म्हणजे आंबटगोड, चकचकीत रस तयार होतो. गोडासाठी नाशिकचे बेदाणे किंवा अंजिरे दालचिनीसह तीत मंद शिजवावीत. वाइन आम्लधर्मी असल्याने कल्हई उडालेले पितळेचे अथवा ॲल्युमिनियमचे भांडे वर्ज्य समजावे, स्टीलचे उत्तम.

मद्यार्क 78 अंशांवर उकळतो, म्हणून तो शिजवताना समूळ उडून जातो हा समज मात्र निराधार आहे. पाण्याशी एकरूप झाल्याने अर्धा तास शिजवूनही सुमारे एकतृतीयांश उरतो, आणि अडीच तासांनंतरही पाच टक्क्यांच्या आसपास शेष राहतो. यास्तव लहान मुले, गर्भवती स्त्रिया व मद्य वर्ज्य मानणारे पाहुणे पंक्तीस असतील, तर यजमानाने पानात वाढण्यापूर्वीच त्याची कल्पना द्यावी.