धाराशिवला नगरपिता वकील का मिळाला नाही?

एकोणिसाव्या शतकात सार्वजनिक जीवनात एक नवी जात तयार झाली. कोर्टात नाव काढायचे आणि त्या नावावर गावाचा कारभार हाती घ्यायचा. जर्मनीतला योहानेस मिकेल हा तिचा अस्सल नमुना. १८२८ साली हॅनोव्हर राज्यात जन्मलेला हा गृहस्थ गटिंगेनला वकिली करी. ऐन तारुण्यात त्याचा कार्ल मार्क्सशी पत्रव्यवहार होता आणि डोक्यात क्रांती होती. पुढे १८६५ साली तो ओस्नाब्रुकचा महापौर झाला, मधली काही वर्षे बर्लिनच्या एका बड्या बँकेत रमला, १८७६ला पुन्हा ओस्नाब्रुकला परतला आणि १८८० ते १८९० फ्रँकफुर्टचा महापौर राहिला. शेवटी प्रशियाचा अर्थमंत्री. १८९१चा प्राप्तिकराचा कायदा त्याचाच. मार्क्सच्या मित्राने सरकारी तिजोरीची किल्ली सांभाळावी, हे आपल्याकडची पक्षांतरे पाहिलेल्या वाचकाला फारसे खटकणार नाही.

मिकेल हुशार होता यात शंका नाही. पण नुसत्या हुशारीने महापौर घडत नाही. प्रशियात १८०८च्या कायद्याने शहरांना आपला कारभार आपण पाहण्याचा हक्क मिळाला होता आणि इतर जर्मन राज्यांतही नगरांचे स्वतंत्र कायदे होते. महापौराला पगार असे, मुदत लांब असे, म्हणून कायदा शिकलेला माणूस तिकडे वळे. मत देणारे मात्र खाऊनपिऊन सुखी असलेले लोकच.

आपल्याकडे ही जागा पहिल्यांदा मुंबईत निर्माण झाली. आर्थर क्रॉफर्ड या आयुक्ताने शहर सुधारताना वारेमाप खर्च केला आणि १८७१ साली करदाते खवळले. त्या गदारोळात पंचविशीतले बॅरिस्टर फिरोजशहा मेहता लोकप्रवाहाविरुद्ध उभे राहिले. क्रॉफर्डने शहरासाठी केलेल्या कामाची बाजू त्यांनी घेतली, आणि पुढचा उपाय सांगितला तो असा की करदात्यांनी निवडलेली सभा खर्चावर बसवा. १८७२च्या कायद्याने ६४ जणांचे कॉर्पोरेशन आले. त्यातले निम्मे करदात्यांनी निवडायचे. १८८४ आणि १८८५ अशी लागोपाठ दोन वर्षे फिरोजशहा कॉर्पोरेशनचे अध्यक्ष होते आणि १८८८चा महापालिका कायदा घडवण्यात त्यांचा मोठा हात होता. आजही महापालिकेच्या इमारतीसमोर पुतळा आहे तो त्यांचाच.

मग आमच्या धाराशिवला असा वकील का निपजला नाही? याचे उत्तर दोन तहांत आहे.

२१ मे १८५३च्या तहाने हैदराबादच्या निजामाने, त्याच्या खर्चाने इंग्रज सांभाळत असलेल्या कंटिंजंट फौजेच्या थकबाकीपोटी वऱ्हाड, रायचूर दोआब आणि धाराशिव-नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात दिला. नळदुर्गावर आला फिलिप मेडोज टेलर. लिव्हरपूलमध्ये जन्मलेला, पोरवयात हिंदुस्थानात आलेला, कंपनीच्या बड्या नोकरशाहीबाहेर वाढलेला आणि एका ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी लिहून विलायतेत गाजलेला माणूस. जमिनीची मोजणी, रस्ते, महसुलाची घडी, दिवाणी आणि फौजदारी न्याय, सगळे त्याच्याच टेबलावर. तुळजापूर त्याच्या मनात इतके बसले की १८६३ साली छापलेल्या ‘तारा’ कादंबरीचा आरंभच त्याने तिथे केला. राज्य चांगले होते, पण एकट्याचे होते. १८५७च्या धामधुमीत त्याला बुलढाण्याकडे धाडले.

१८६०च्या तहाने रायचूर आणि धाराशिव निजामाला परत मिळाले. वऱ्हाड इंग्रजांकडेच राहिले, आणि १९०२ साली तर वर्षाला २५ लाख रुपयांच्या बोलीवर कायमचे भाडेपट्ट्याने गेले. एकाच कागदावर गहाण पडलेल्या या दोन मराठी मुलखांच्या वाटा इथे फुटल्या.

वऱ्हाडात पुढे काय झाले ते पाहा. १८८२ साली लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा ठराव केला आणि नगरपालिकांत निवडून जायची दारे उघडली. गणेश श्रीकृष्ण खापर्डे १८८४ला वकिलीची परीक्षा पास झाले, काही वर्षे सरकारी चाकरी केली आणि १८९० साली ती सोडून अमरावतीला वकिली थाटली. १८९७ साली अमरावतीला काँग्रेस भरली तेव्हा स्वागताध्यक्ष हेच दादासाहेब खापर्डे. रंगनाथ नरसिंह मुधोळकर हे अमरावतीचेच दुसरे वकील. १९१२च्या बांकीपूर काँग्रेसचे ते अध्यक्ष.

इकडे निजामाचे दिवाण सालारजंग यांनी १८६५ला जिल्हाबंदी केली, म्हणजे मुलूख जिल्ह्यांत वाटला, त्यांवर अव्वल तालुकदार नेमले, कोर्टेही आली. सुधारणा खरी होती, पण वरून खाली येणारी. दरबाराची भाषा आधी फारसी, १८८०च्या दशकात उर्दू. कळंबचा कुणबी आपली तक्रार मराठीत सांगणार, वकील ती उर्दूत मांडणार, आणि निकाल लागला तरी पक्षकाराला तो वाचून दाखवायला पुन्हा वकीलच हवा. अशा वकिलाला गावात मान भरपूर होता, पण गावाच्या वतीने बोलण्यासाठी लोकांनी निवडून दिलेली जागा नव्हती. म्हणून मोठ्या आवाक्याचा माणूस हैदराबादेकडे वळे. परभणीकडचे केशवराव कोरटकर गुलबर्ग्यात वकिली करून हैदराबादेला गेले आणि तिथे हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. १९०७ साली विवेकवर्धिनी शाळा उभारणाऱ्यांत ते होते. शाळा काढता येत होती, नगराध्यक्ष होता येत नव्हते. पुढे १९२९च्या ५३ नंबरच्या गश्तीने, म्हणजे सरकारी परिपत्रकाने, तर साधी सभा घ्यायलाही आधी परवानगी लागू लागली.

माझ्या मते मराठवाड्याच्या राजकारणाचा वेगळा स्वभाव इथून येतो. इथल्या वकिलाने गटार, दिवाबत्ती, पाणीपट्टी यांवर भांडत कारभार शिकण्याची पायरी गाठलीच नाही. तो हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, हैदराबाद राज्यातली महाराष्ट्र परिषद आणि मग थेट निजामाविरुद्धचा मुक्तिसंग्राम या वाटेने आला. वकील भाई उद्धवराव पाटील विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले ते या वाटेने, नगरपालिकेतून नव्हे. लढाऊपणा आपल्याला भरपूर मिळाला; नगराचा रोजचा हिशेब ठेवण्याची सवय उशिरा लागली. तुळजापुरासारख्या यात्रेच्या गावाला त्या सवयीची गरज सगळ्यांत जास्त होती.

धाराशिव, नळदुर्ग, तुळजापूर, कळंब, उमरगा इथल्या जुन्या वकिलांच्या घराण्यांत फसली सनाचे वकालतनामे, उर्दू फैसले, मोडीतल्या वह्या अजून माळ्यावर असतील, तर त्या रद्दीत घालू नका. उर्दू आणि मोडी वाचणारी माणसे आज आहेत, त्यांच्याकडून त्या वाचून घ्या.