चाकातली घरघर : मोटारीचे पुढचे बेअरिंग आणि बुश घरी बदलताना

लाकडी चाकाची बैलगाडी होती तेव्हा वंगणाची नळी गाडीखाली लोंबकळत असायची. तुंबा करकरू लागला की गाडीवान तिथेच थांबून वंगण घालायचा. आज जांब समर्थसारख्या गावात टायरगाडी, ट्रॉली, जीप, लहान मोटार सगळे आहे, पण चाकाच्या पोटात काय चालले आहे ते वरून दिसत नाही. घरघर सुरू झाली तरी "चालतंय की अजून" म्हणून हंगाम काढला जातो. भरल्या ट्रॉलीचे चाक रात्री रस्त्यात निखळले तर नुसत्या उसाचे नुकसान होत नाही. वर मोळ्यांवर तोडणी कामगारांचे कुटुंब, लेकरेबाळे बसलेली असतात. मोटारीत आपलीच माणसे असतात. म्हणून हा विषय घेतला आहे.

आधी दुखणे ओळखावे. बेअरिंग गेले की गाडी वेगात असताना हुंकारासारखा आवाज येतो. वेग वाढला की तो वाढतो, क्लच दाबून इंजिन सोडवले तरी थांबत नाही. गाडी डावीकडे वळवा. वळताना भार उजव्या चाकावर जातो, तेव्हा आवाज वाढला तर बहुधा उजवे बेअरिंग गेले आहे. उजवीकडे वळताना वाढला तर डावे. बुश गेला की आवाज वेगळा. खड्ड्यात, गतिरोधकावर खाली टक् टक् वाजते, ब्रेक मारला की गाडी एका अंगाला ओढते आणि टायर एका कडेने झिजतो.

मग चाक उचलून बघा. वर आणि खाली हात धरून चाक हलवावे. खडखड लागली तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खडखड गेली तर दोष बेअरिंगचा, तशीच राहिली तर बॉल जॉइंट किंवा बुश बघा. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावरच खेळ लागत असेल तर स्टेअरिंगचे टाय-रॉड एंड तपासा. शेवटी एक हात स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्या हाताने चाक फिरवा. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून हाताला लागते.

आता जॅकचे. आपली काळी माती वरून टणक दिसते, पण रात्री पाणी दिलेल्या रानाच्या कडेला जॅक हळूहळू आत जातो.

"काका, जॅक लावलाय की."

"लावलास, पण खाली फळी कुठंय? अन् मागच्या चाकाला दगड?"

हा संवाद प्रत्येक वाड्यापुढे व्हावा असे वाटते. जॅकखाली जाड फळी, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड आणि गाडी उचलल्यावर चेसीखाली लोखंडी घोडी. घोडी नसेल तर कामच करू नका. विटांची रास चालत नाही, ती भाराखाली फुटते. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली पाच मिनिटांसाठी देखील जाऊ नये.

हे काम घरी होते का? अर्धे होते. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या बहुतेक लहान मोटारींत बेअरिंग स्टबमध्ये, म्हणजे नकलमध्ये, घट्ट दाबून बसवलेले असते. नकल सोडवणे घरी जमते. बेअरिंग काढणे-बसवणे मात्र प्रेसचे काम आहे. म्हणून नकल काढून ज्या लेथवाल्याकडे प्रेस आहे त्याच्याकडे न्यावी, बसवून आणावी आणि पुन्हा घरी जोडावी. बरीच मजुरी वाचते आणि कामही आपल्या डोळ्यांपुढे होते.

मधला एक्सलचा मोठा नट गाडी जमिनीवर असताना, ब्रेक दाबून धरून सैल करावा. अधांतरी गाडीवर लांब पाइप लावून झटके दिले की गाडी घोडीवरून घसरते. नट सैल झाल्यावर गाडी ढकलू नये, भार बेअरिंगवर वाकडा पडतो. मग चाक, कॅलिपर, डिस्क. कॅलिपर तारेने स्प्रिंगला टांगावा. ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळत ठेवणारे लोक आहेत, पण नळी आतून फाटते आणि ते नंतर ब्रेक लागेना झाल्यावर कळते. स्ट्रटचे बोल्ट काढण्याआधी खडूने खूण करावी म्हणजे कोन फार बदलत नाही.

प्रेसवर एकच नियम पाळला जातो ना हे बघा. बेअरिंग नकलमध्ये दाबताना जोर बाहेरच्या कड्यावर हवा. हब बेअरिंगमध्ये दाबताना आतल्या कड्याला खालून आधार हवा. उलट केले तर सगळा जोर गोळ्यांमधून जातो आणि कड्यावर बारीक खळगे पडतात. असे नवे बेअरिंग थोड्याच दिवसांत पुन्हा घरघरते, मग आपण कंपनीला शिव्या देतो. हातोड्याने ठोकून बसवल्यावरही तेच होते. सर्क्लिप खाचेत पूर्ण बसली का, हे बोट फिरवून बघावे. नव्या गाड्यांत ए.बी.एस. ब्रेक असतो. काहींच्या बेअरिंगला एका बाजूला चुंबकी पट्टी असते. ती बाजू सेन्सरकडे यावी आणि तिच्याजवळ लोहचुंबक नेऊ नये. बंद बेअरिंगमध्ये वरून ग्रीस भरायची गरज नाही.

बेअरिंग घेताना कड्यावर कोरलेला नंबर जुन्याशी ताडून बघा आणि पक्के बिल घ्या. खोक्यावरचे नाव छापणे सोपे असते. आपल्या जालन्यातच एन.आर.बी. कंपनीचा बेअरिंगचा कारखाना आहे. बेअरिंग ही काही परमुलखातली न कळणारी चीज राहिलेली नाही.

ट्रॉली, टायरगाडी आणि जुन्या जीपचे पुढचे चाक यांत बहुधा निमुळत्या रोलरचे बेअरिंग असते. तिथे सगळे काम घरी होते. या बेअरिंगचा जन्मही गाडीच्या चाकासाठीच झाला. अमेरिकेतल्या सेंट लुईस गावी घोडागाड्या बांधणारे हेन्री टिमकेन यांनी 1898 साली त्याचे पेटंट घेतले. भरलेली गाडी वळताना चाकावर वरून भार आणि बाजूने रेटा, दोन्ही एकदम येतात. निमुळता रोलर दोन्ही झेलतो. ते साफ करून, तळहातावर ग्रीस घेऊन, रोलरच्या फटीतून पलीकडे ग्रीस निघेपर्यंत दाबावे. रोलर खराब झाले असतील तर बाहेरची वाटीही बदलावी. नवे रोलर जुन्या वाटीत टिकत नाहीत. ऑइल सील नवे घालावे, नाहीतर कालव्याच्या कडेचा चिखल पहिल्याच पावसात आत जातो. चाक फिरवत नट आवळा, रोलर बसले की पूर्ण सैल करा, मग हाताने टेकेल इतका आवळून भोकाशी खाच जुळत नसेल तर मागच्या खाचेवर आणा. स्प्लिट पिन नवीच घाला. तीन-चार मैल चालवून हबला हात लावा. कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर नट जास्त आवळला गेला आहे.

राहिला बुश. हा रबराचा तुकडा स्वस्त आहे, पण बिघडतो तो बहुधा बसवणाऱ्याच्या घाईने. जुना काढण्याआधी त्यातल्या पोकळ्या कोणत्या दिशेला आहेत त्याची खूण करा. नवा तसाच बसवा. सरकत नसेल तर साबणाचे पाणी लावा. तेल किंवा ग्रीस नको, ते रबर खाते. आर्मचे बोल्ट गाडी उचललेली असताना नुसते बोटाने लावावेत आणि चाके जमिनीवर टेकून गाडीचा भार आल्यावरच कसून आवळावेत. कारण बुशाचे रबर आतल्या नळीला चिकटलेले असते, ते घसरत नाही, पिळते. चाक लोंबकळत असताना आवळले तर गाडी उभी असतानाही ते कायम पिळलेले राहते आणि वर्षभरात फाटते. "नवा बुश टाकला होता, टिकला नाही" या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असते. जीपच्या पाट्यांच्या शॅकल बुशांनाही, ते रबराचे असतील तर, हेच लागू.

एक्सलचा नट नवा घ्यावा आणि गाडीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कनेच आवळावा. टॉर्क पाना नसेल तर एक-दोन दिवसांसाठी मागून आणा, अंदाजाने आवळू नका. गाडी हलवण्याआधी ब्रेकचे पेडल चार-पाच वेळा दाबा. कॅलिपरचा पिस्टन मागे गेलेला असतो आणि पहिल्या दाबात ब्रेक लागत नाही. रामनवमीच्या यात्रेला जांबच्या रस्त्यावर माणसांची गर्दी असते, तिथे हे समजण्यात काही अर्थ नाही, आपल्या अंगणातच समजू द्या. मग गाडी हळू चालवत जिथे मशीन असेल तिथे नेऊन व्हील अलाइनमेंट करून घ्या, कारण खडूची खूण कितीही जपून केली तरी चाकाचा कोन थोडा सरकलेला असतोच.