इतिवृत्तावरील सह्या

जून महिन्याच्या मध्यास, मृगाच्या पहिल्या सरी पडून गेल्यावर किंवा पुष्कळदा त्या सरींची वाट पाहत असतानाच, मराठवाड्यातील प्राथमिक शाळा उघडतात. आणि मुदखेडसारख्या गावी, जेथे अनेक घरांत पहाटे फुलांची तोडणी आटोपून पाट्या नांदेडच्या बाजारास रवाना केल्यावरच माणसांस लेकरांकडे पाहण्याची सवड मिळते, तेथे पहिलीत नाव घातलेल्या मुलाचा हात धरून आई शाळेच्या फाटकाशी उभी राहते तेव्हा तिच्या मनात तीन प्रश्न असतात. वर्षभरात शाळेत काय काय होणार, त्यापायी आपणास किती पैसे द्यावे लागणार, आणि आपले लेकरू संध्याकाळी सुखरूप घरी येईल ना. हे प्रश्न वरवर निरनिराळे दिसले, तरी तिन्हींची उत्तरे शाळेच्या कपाटातील एकाच वहीत असावयास हवीत, असे माझे मत आहे. ती वही म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीचे इतिवृत्त होय.

२००९ साली संसदेने संमत केलेला आणि १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा बहुतेकांस वर्गातील प्रवेशापुरताच ठाऊक आहे. त्याच्या २१ व्या कलमाने शासकीय, जिल्हा परिषदेच्या, नगर परिषदेच्या आणि अनुदानित अशा शाळांस ही समिती नेमणे बंधनकारक केले असून, तिचे किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत व निम्म्या जागा स्त्रियांकडे असल्या पाहिजेत, असा दंडक घातला आहे. शाळेच्या कामकाजावर देखरेख करणे, शाळा विकास आराखडा तयार करणे आणि मिळालेल्या अनुदानाचा विनियोग कसा झाला हे पाहणे, ही या समितीची कामे. महाराष्ट्रात तिचे अध्यक्षपद पालकाकडे असते आणि मुख्याध्यापक सचिव म्हणून काम पाहतात. म्हणजे फाटकाशी उभी असलेली ती आई कायद्याच्या दृष्टीने शाळेच्या कारभाराची एक हक्कदार आहे. परंतु सभा प्रत्यक्ष न भरविता इतिवृत्ताची वही घरोघरी फिरवून सह्या व अंगठे घेण्याची जी रीत काही ठिकाणी पडली आहे, तिने हा हक्क कागदावर शाबूत ठेवून व्यवहारात नाहीसा केला आहे, आणि त्याचे मला मनापासून दुःख होते.

हे दुःख मराठवाड्यातील माणसास अधिक व्हावे, याला इतिहासाचे कारण आहे. निजामी अंमलात गश्ती निशान ५३ या हुकमाने सार्वजनिक सभेसाठी सरकारची पूर्वपरवानगी सक्तीची केली होती. उर्दू ही राजभाषा होती आणि माध्यमिक शिक्षणाचे माध्यमही तीच होती. अशा दिवसांत आपल्या मुलांनी आपल्या भाषेत शिकावे म्हणून लोकांनी लोकांच्या बळावर शाळा उभारल्या. १९१७ साली अंबाजोगाईस योगेश्वरी नूतन विद्यालय निघाले, १९२१ साली हिप्परग्यास राष्ट्रीय शाळा निघाली; आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थ या नावाने ज्यांनी हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व केले, ते व्यंकटेश खेडगीकर याच हिप्परग्याच्या शाळेत शिकवीत होते. ज्या प्रदेशात चार माणसांनी जाहीर रीतीने एकत्र बसण्यासाठी दरखास्त करावी लागे, त्याच प्रदेशात आज पालकांची सभा भरविणे हे शाळेचे कर्तव्य ठरले आहे. १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, मराठवाड्यातील प्रत्येक शाळेत जे ध्वजवंदन होते, त्या प्रसंगी मुलांस आणि पालकांस एवढी गोष्ट कोणी सांगितली, तरी त्या दिवसाचे चीज झाले असे मी म्हणेन.

शाळेच्या वर्षाचा प्रारंभ मात्र जूनच्याही आधी होतो. पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी एप्रिलमध्ये आणि पुन्हा शाळा उघडताना भरणारा शाळापूर्व तयारी मेळावा अजून पुष्कळ पालकांच्या अंगवळणी पडलेला नाही. नावनोंदणी, शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक व भावनिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी आणि शेवटी पालकांस मार्गदर्शन अशा सात टेबलांवरून मूल हसतखेळत पुढे सरकते; कोठे उडी मारते, कोठे चित्रावरून गोष्ट सांगते, कोठे खडे मोजते. ही परीक्षा नव्हे, आणि येथे कोणी नापास होत नाही, हे आईबापांस आवर्जून सांगितले पाहिजे, कारण मुलास काही आले नाही की त्याला सर्वांदेखत दटावणारे वडील मी पाहिले आहेत. मेळाव्यातून मातांचे गट तयार होतात आणि उन्हाळाभर घरच्या डाळी-गोट्यांवर मुलांचा थोडा सराव त्या करून घेतात. मग प्रवेशोत्सव, त्यात नव्या मुलांचे गुलाबपुष्पाने स्वागत आणि हाती नवी पाठ्यपुस्तके. आपल्या मळ्यात पहाटे खुडलेले फूल दुपारी आपल्याच लेकराच्या हाती पाहण्याचे सुख मुदखेडच्या आईबापांखेरीज इतरांस क्वचितच मिळत असेल.

स्वातंत्र्यदिन, मुक्तिसंग्राम दिन, ३ जानेवारीची सावित्रीबाई फुले जयंती, स्नेहसंमेलन, प्रजासत्ताक दिन हे क्रमाने येतातच. या सर्वांत मला विशेष प्रिय आहे तो बालआनंद मेळावा. त्या दिवशी मुले स्वतः दुकाने मांडतात; कोणी भेळ, कोणी उकडलेल्या शेंगा, कोणी शेतातली भाजी आणते, आणि तिसरी-चौथीचे पोर घामाघूम होऊन दहाच्या नोटेतून सात रुपये वजा करून सुटे परत देते, तेव्हा वजाबाकीचे जे शिक्षण होते ते फळ्यावर होत नाही. या मेळाव्याचा नफा शाळेसाठी काढून घेण्याची कल्पना कधी कधी पुढे येते. ती मला रुचत नाही. भांडवल घरचे, श्रम मुलाचे, म्हणून नफाही मुलाचाच असावा, आणि त्यातून शाळेच्या पेटीत काही टाकावयाचे असेल तर ते त्याने आपल्या हाताने व आपल्या इच्छेने टाकावे.

येथून आपण वर्गणीच्या प्रश्नाकडे येतो. शाळेस शासनाकडून संयुक्त शाळा अनुदान मिळते. त्याची रक्कम पटसंख्येवर ठरते, आणि शंभराच्या आतील पटाच्या शाळेसाठी तिची मर्यादा वर्षाला २५ हजार रुपयांची आहे. खडू-फळा, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता हे सारे त्यातच भागवावयाचे असल्याने लोकवर्गणीवाचून शाळेस गत्यंतर नाही, हे मान्य केले पाहिजे. आपल्या समाजास ही गोष्ट नवीनही नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली स्थापिलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांस गावोगावच्या मूठमूठ धान्याने पोसले, आणि चूल बंद पडण्याची वेळ आली तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. मूठभर धान्याचे मोठेपण असे, की ज्याच्या घरी एकच पायली आहे तोही मूठ देऊ शकतो आणि ज्याची कोठारे भरली आहेत त्याचीही मूठ तेवढीच असते. मुदखेड परिसरातील पालकाने ट्रॅक्टरभर मुरूम दिला, सुताराने बाकांचे पाय ठोकून दिले, केळीच्या बागाईतदाराने पोषण आहारासाठी केळी पाठविली, तर तीही वर्गणीच, आणि तिची नोंद रोख रकमेइतक्याच मानाने व्हावयास हवी.

परंतु या बाबतीत काही नियम कसोशीने पाळावे लागतात. ज्या शाळेत शिक्षण कायद्याने मोफत आहे तेथे वर्गणी ही ऐच्छिकच असली पाहिजे. कोणी किती दिले हे मुलांच्या कानी पडता कामा नये, आणि न देणाऱ्याच्या लेकरास वर्गात उभे करणे हा तर अक्षम्य अपराध समजावा. रुपया असो वा हजार, प्रत्येक रकमेची पावती फाडावी, खर्च समितीच्या ठरावाने व्हावा, आणि जमाखर्चाचा तक्ता दर्शनी भिंतीवर लावावा. हिशेब विचारणे म्हणजे गुरुजींवर अविश्वास दाखविणे, अशी एक भिडस्त समजूत आपल्याकडे आहे. वास्तविक चोख हिशेबाचे सर्वांत मोठे संरक्षण प्रामाणिक मुख्याध्यापकासच मिळते.

आता तिसरा प्रश्न, लेकराच्या सुखरूपतेचा, जो खरे पाहता पहिला आहे. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा अंजार येथील शाळकरी मुले प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत होती. दोन्ही बाजूंच्या इमारती अरुंद गल्लीत कोसळल्या आणि १८५ मुले व २० शिक्षक त्यांखाली गेले. आपल्याकडील किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास झाला. हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली झोपेतच गेली, आणि शाळांच्या खोल्या तेवढ्या रिकाम्या होत्या. मार्च आणि जुलै २०२४ मध्ये हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे जे धक्के बसले, त्यांनी नांदेडकरही घराबाहेर धावले. म्हणून प्रभातफेरीचा मार्ग जुन्या, फुगलेल्या भिंतींच्या बोळांतून न नेता रुंद रस्त्याने न्यावा, आणि जमीन हादरताच बाकाखाली शिरून डोके झाकावे, बाकाचा पाय घट्ट धरावा व हादरे थांबल्यावर रांगेने मैदानात यावे, याचा सराव वर्षातून दोनदा घ्यावा, ही मागणी पालकांनी सभेत मांडावी. तिला खर्च काहीच येत नाही.

१६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरात पेटलेली आग गवती छपराने वर नेली आणि ९४ मुले होरपळून गेली. त्या घटनेतून निघालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सुरक्षित शाळा हा मुलांच्या शिक्षणाच्या हक्काचाच भाग असल्याचा निर्वाळा दिला. तेव्हा आपल्या शाळेचा चुलीचा वा गॅसचा ओटा वर्गापासून किती दूर आहे, बाहेर पडण्याची वाट मोकळी आहे की तेथे मोडकी बाके रचली आहेत, आणि मुलांच्या ताटात पडण्यापूर्वी खिचडी कोणी चाखली, हे पाहण्यास तज्ज्ञ लागत नाही.

मुदखेडचे आणखी एक भय वेगळे आहे. हे जंक्शन, सिकंदराबाद-मनमाड मार्गाला आदिलाबादचा फाटा येथे मिळतो. उभ्या मालगाडीखालून वाकून पलीकडे जाण्याचा मोह ज्याला होणार नाही असे शाळकरी पोर विरळा, आणि गाडी सुटताना मागच्या डब्यांस बसणारा हिसका आगाऊ सूचना देत नाही. विद्युतीकरण झालेल्या मार्गावरील तारेत २५ हजार व्होल्टचा विद्युतदाब असतो. तिला न शिवताही नुसत्या जवळ गेल्याने जीव जाऊ शकतो, हे संक्रांतीच्या पतंगांआधी मुलांस सांगावयास हवे.

आणि जे भय बोलण्यास जीभ अडखळते, तेही बोललेच पाहिजे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील लहान मुलींवरील लैंगिक अत्याचाराच्या घटनेने महाराष्ट्र हादरल्यावर शासनाने शाळांतील कॅमेरे, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती यांविषयी आदेश काढले. कॅमेरा लावला म्हणजे काम संपले, असे समजणे घातक आहे. मुलगी घरी येऊन काही सांगू लागली की हातातले काम टाकून ऐकणारी आई हीच पहिली तक्रारपेटी होय. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अशी गोष्ट ठाऊक असूनही ती न कळविणे हाच गुन्हा ठरविला आहे, मग ती दडपणारा शाळेचा प्रमुख का असेना. १०९८ हा मुलांसाठीच्या मदतीचा क्रमांक विनामूल्य असून तो मुलांस तोंडपाठ असावा.

हे सारे विषय सभेपुढे यावयाचे, तर सभेस माणसे आली पाहिजेत. आणि सकाळी अकराची वेळ ज्या आईची मजुरी बुडविते, तिच्या गैरहजेरीस उदासीनता म्हणणे अन्यायाचे आहे. तोडणीचा हंगाम पाहून सभा सायंकाळी पाचनंतर ठेवावी, निरोप मुलांच्या वहीत लिहून पाठवावा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी इतिवृत्त सह्यांपूर्वी मोठ्याने वाचून दाखवावे. अशा सभेत एखादी बाई मागच्या रांगेतून उठून म्हणेल, “गुरुजी, माझं पोरगं रोज मालगाडीखालून येतंय, काहीतरी करा,” आणि मुख्याध्यापक ते वाक्य जसेच्या तसे इतिवृत्तात उतरवून खाली ठराव लिहितील, की शाळा भरताना व सुटताना दोन पालकांनी पाळीपाळीने रुळांपाशी उभे राहावे. मग त्या आठवड्याच्या पाळीची नावे वाचली जातील, आणि पहिल्या नावापुढे ती बाई आपला अंगठा उठवील.