मार्ग कोणी अडविला? ग्रीवागत धमनीचा अवरोध आणि पक्षाघात

पक्षाघात हा व्याधी वैद्यवर्गास नवा नाही. वायूचा प्रकोप धातुक्षयाने होतो तसाच मार्गाच्या आवरणानेही होतो, हा मूलभूत भेद चरकाचार्यांनी वातव्याधिचिकित्सेत सांगून ठेवला आहे. सुश्रुताचार्यांनी ग्रीवेतील मातृका, नीला आणि मन्या यांना मर्मांत स्थान दिले. तथापि मार्ग अडला एवढे म्हणून निदान पूर्ण होत नाही. तो कोणी अडविला, हे शोधावे लागते. हा धडा आम्हांस एका रुग्णाने दिला.

चाळिशीतील एक गृहस्थ मानेच्या डाव्या बाजूच्या वेदनेसाठी आमच्याकडे आले. केस कापताना त्यांनी मान ‘मोडून’ घेतली होती. डावी पापणी किंचित उतरलेली दिसत होती; तो जागरणाचा परिणाम असावा, असे आम्ही मानले. मन्यास्तंभ समजून तेल व स्वेदन दिले. दोन दिवसांनी त्यांची उजवी बाजू लुळी पडली व वाचा गेली. ग्रीवेतील डाव्या आभ्यंतर कॅरोटिड धमनीचा आतील थर फाटून मार्ग बंद झाल्याचे रुग्णालयात आढळले. गृहस्थ वाचले, वाचा मात्र पूर्ण परतली नाही. मानेची वेदना आणि त्याच बाजूची उतरलेली पापणी ही दोन लक्षणे एकत्र वाचावयास हवी होती, ही रुखरुख आमच्या मनात कायम आहे.

अवरोधाची कारणे

ग्रीवेतील कॅरोटिड धमनीचा अवरोध आणि पक्षाघात यांचा संबंध मिलर फिशर यांनी १९५१ साली स्पष्टपणे मांडला. त्याची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे होत.

पहिले, धमनीकाठिण्य. कॅरोटिड जेथे दुभंगते तेथे मेद व चुन्याचा थर साचतो. वय, मधुमेह, उच्च रक्तदाब व तंबाखू यांचा इतिहास बहुधा मिळतो. एका डोळ्यापुढे क्षणिक अंधारी येणे किंवा हातापायास काही मिनिटे दुर्बलता येऊन जाणे, ही पूर्वसूचना असते. ती ‘वाताचा झटका’ म्हणून सोडून देऊ नये.

दुसरे, हृदयातून आलेली गुठळी. हृदयाच्या अलिंदाचे अनियमित स्पंदन किंवा आमवातिक ज्वरानंतरचा झडपेचा संकोच येथे मूळ असतो. लक्षणे एकाएकी व पूर्ण तीव्रतेने येतात. येथे वैद्याची बोटे मोलाची ठरतात : नाडी सर्वस्वी अनियमित लागली, तर दोषविचाराबरोबरच हृदयालेख काढून घ्यावा.

तिसरे, धमनीचा थर फाटणे. तरुण व मध्यमवयीन रुग्णांत हे कारण विशेषत्वाने शोधावे. फट बहुधा दुभंगाच्या थोडी वर असते. क्वचित धमनीच्या भित्तीवर आतून पडद्यासारखी पट्टी असते. तिच्या आडोशाला गुठळी धरते.

आणखी एक फसवे चित्र लक्षात ठेवावे. गुठळी कवटीच्या आत असूनही खालील रक्तस्तंभ थबकल्याने सीटी अँजिओग्राफीत ग्रीवेतील धमनीच बंद भासते. काही सेकंदांनी पुन्हा प्रतिमा घेतल्यास भेद कळू शकतो.

कारण का शोधावयाचे?

उपचार बदलतात म्हणून. पात्र रुग्णांत गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. नळीद्वारे गुठळी ओढून काढण्याची उपयुक्तता २०१५ च्या चाचण्यांनी सिद्ध केली. २०१८ पासून निवडक रुग्णांत ती चोवीस तासांपर्यंत करता येते. हृदयातून आलेली गुठळी ओढून काढल्यावर मार्ग मोकळा होऊ शकतो. काठिण्य असेल तर फुगा वा स्टेंट लागू शकतो. थर फाटला असेल तर तार खोट्या मार्गात शिरण्याचा धोका असतो. पुढील झटका टाळण्याची औषधेही कारणानुसार भिन्न असतात.

आपले कर्तव्य

तोंड वाकडे होणे, हात गळणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही अचानक दिसल्यास अभ्यंग, नस्य वा मुखावाटे औषध यांत वेळ दवडू नये. मोठी धमनी बंद असता मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी दर मिनिटास नष्ट होतात, असा अंदाज आहे. १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा, रुग्ण शेवटचा ठीक केव्हा होता ती वेळ कागदावर लिहून द्यावी, आणि मानेस इजा झाली होती काय, हे आवर्जून कळवावे.

औषधालयाच्या चालकांची जबाबदारीही लहान नाही. ‘हात जड झाला आहे, तेल द्या’ असे म्हणणाऱ्या ग्राहकास हे केव्हापासून होत आहे, असे विचारावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असणाऱ्यास ती स्वतःहून बंद करू देऊ नये. तिच्या जोडीस लसूणप्रधान कल्प विचारपूस न करता देऊ नयेत.

व्याधी स्थिरावल्यावर पंचकर्म, अभ्यंग व बृंहण यांचे क्षेत्र आपलेच आहे. परंतु त्यापूर्वीचे तास निदानाचे असतात. मान दुखते म्हणून येणाऱ्या रुग्णाच्या दोन्ही पापण्या आम्ही आता प्रथम पाहतो. वैद्यबंधूंनीही ही सवय लावून घ्यावी, ही विनंती.